पास्कलचं नाव काढायचं नाही

पाचूबंदरला त्या दुपारी वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. कावळ्यांची मेजवानी चालली होती आणि सगळं गाव, हिंदू काय नि ख्रिस्ती काय, शत्रुघ्नबुवाभोवती कोंडाळं करून उभं होतं. बुवा माणसाच्या गळ्याला तोंड लावून अंगातलं भूत शोषून घेतो आणि ते रक्त होऊन थुंकतो, असा बोलबाला होता. आदल्या आठवड्यात दोघांची भुतं त्याने अशी थुंकलेली गावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. डोळ्यांनी पाहिलं की डोकं वापरायचं काम उरत नाही, ही आपली जुनीच सोय.

ही बावन्न सालची गोष्ट. माझा दवाखाना वसईत होता. सालोमीची शेजारीण रेजिना धापा टाकत आली नि म्हणाली, "डाक्तर, सालोमीला मारतान. लवकर चला." मी सायकल काढली.

सालोमी म्हणजे मार्थाबाईंची सून. गेल्या वर्षीच्या तुफानात तिचा पाठचा भाऊ पास्कल बुडाला. नवरा सॅन्टन मात्र अजून होडी घेऊन जात होता, म्हणून मार्थाबाईंनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "बुडालेल्याचं नाव या घरान काढायचं नाय. माजा पोर दर्यावर जातो." भावासाठी मोठ्याने रडायलाही पोरीला बंदी होती. पुढे तिची झोप उडाली. खाल्लेलं पोटात ठरेना. वारा सुटला की छाती धडधडायची, जबडा आवळायचा, बोटं वाकडी व्हायची आणि ती धाडकन पडायची.

मी तिला तपासली होती. काळीज नि फुप्फुसं ठणठणीत होती. मार्थाबाईंना मी सांगितलं, "हिच्या मनावर ताण आहे. हिला झोपू द्या, रडू द्या, बोलू द्या."

"बोलून काय व्हनार? बाटली द्या नायतर नाय म्हना," असं म्हणून त्या सुनेला घेऊन गेल्या होत्या, त्या थेट बुवाकडे.

मी पाचूबंदरला पोचलो. बुवाच्या गळ्यात रुद्राक्षांची माळ नि तिच्यावरच क्रूस होता. गिऱ्हाईक कुठल्याही धर्माचं असो, परत जायला नको! हातात होती सुंभाची ओली दोरी. "आला रे दर्याचा राजा, बंद कर तुझा गाजावाजा!" असं किंचाळत तो ती सालोमीच्या पाठीवर ओढत होता. दोन बायांनी तिचे हात धरले होते. चोळी पाठीला चिकटली होती आणि ओठ फाटला होता.

"हिच्या अंगात पास्कल आहे," बुवा गरजला. "आता त्याला शोषून काढतो. रक्त लाल आलं तर सुटली. काळं आलं तर भरतीच्या पाण्यात हिला बुडवायची. दर्याचं दर्याला परत!"

एवढं बोलून त्याने तोंडावरून पंचा फिरवला आणि मग त्याची वाचाच बसली. इतका वेळ पोपटासारखा बडबडणारा माणूस आता नुसता हुंकारत होता, आणि त्याचा एक गाल चिंच चघळणाऱ्या पोरासारखा फुगला होता.

मी ओरडलो, "त्याचं तोंड उघडा!" आणि पुढे घुसलो. कुणीतरी माझी कॉलर धरली, कुणाचा तरी ठोसा माझ्या जबड्यावर बसला, चष्मा वाळूत पडला. "डाक्तर, आमच्या मदी पडू नका!" असा एकच गिल्ला झाला. तो पाहायला हात धरणाऱ्या बायांनी माना वळवल्या आणि त्यांची पकड सैल झाली.

बुवा सालोमीच्या गळ्याशी वाकत होता. तिने हात सोडवला आणि मूठ वळून त्याच्या फुगलेल्या गालावर अशी हाणली की फट्ट आवाज झाला. त्याचं तोंड तिच्या गळ्याला लागलंसुद्धा नव्हतं, तरी लाल रक्ताची चूळ त्याच्या दाढीवरून खाली आली. पाठोपाठ काहीतरी पांढरं, लिबलिबीत वाळूवर पडलं.

"बुवांचा दात पडला!" कुणीतरी म्हणालं.

मार्थाबाई वाकल्या. त्यांनी ते उचललं, चिमटीत ताणलं. जन्म मासे कापण्यात गेलेला.

"दात नाय ह्यो," त्या हळूच म्हणाल्या. "शिंगाल्याचा फुगा हाय. तोंडाला दोरा बांदलाय."

माशाच्या पोटातली हवेची पिशवी! तिच्यात कोंबडीचं रक्त भरायचं, दोऱ्याने बांधायची, गालात ठेवायची आणि वेळ आली की चावायची. एवढंच ते भूत. आणि हा शहाणा ती पिशवी घेऊन कोळ्यांच्या गावात आला होता!

मग गाव उसळलं. तीच दोरी बुवाच्या पाठीवर पडू लागली, कुणी त्याला पाण्याकडे ओढू लागलं. मी त्याच्या अंगावर आडवा पडलो तेव्हा दोन रट्टे मलाही बसले.

"आता याला का वाचवता?" लोक ओरडले.

"कारण मारून भूत निघत नाही, तशी लबाडीही निघत नाही. याला पोलिसांच्या ताब्यात द्या. आणि दोरी कुणाकुणाच्या हातात आहे ते जरा बघा!"

दोरी खाली पडली. मी मार्थाबाईंचा हात धरून सालोमीच्या छातीवर ठेवला. "लागतंय?"

"किती धडधडते गो!"

"तुफानात होडी सापडली की गड्यांची छाती अशीच धडधडते, हातपाय ताठतात. भीतीने शरीर लढायला उभं राहतं. किनाऱ्याला लागले की ते चहा पितात, चार जणांना सांगतात, झोपतात, आणि छाती शांत होते. हिला तुम्ही किनाऱ्याला लागूच दिलं नाही. वर्षभर हिचं शरीर तुफानातच आहे. झोप जाणार नाही तर काय होईल? अन्न कसं पचेल?"

मार्थाबाई सुनेच्या पाठीवरचे वळ बघत राहिल्या. मग त्या वाळूत बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर्षभर न काढलेलं नाव त्यांनी स्वतः काढलं. "पास्कल कसा होता गो? सांग मना."

सालोमीने असा टाहो फोडला की माणसं मागे सरली. "पास्कल परत लागला!" एक जण कुजबुजला.

"गप बस," मी म्हणालो. "वर्षभर अडलेलं रडणं आहे ते. येऊ द्या."

ती एका दिवसात बरी झाली नाही. तसं सांगेन तर माझ्यात नि बुवात फरक काय? वारा सुटला की ती पुढे बरेच दिवस थरथरायची. पण मार्थाबाई हातातलं काम टाकून तिच्याजवळ बसायच्या. सावकाश श्वास घ्यायला मी तिला शिकवलं. रेजिनाबरोबर ती संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालून यायची. हळूहळू झोप परतली, अन्न ठरू लागलं. सॅन्टन होडी घेऊन जातच राहिला आणि पास्कलचं नाव घरात काढलं म्हणून दर्याने त्याला काही केलं नाही.

म्हणून सांगतो, घरातलं माणूस झोपेनासं झालं, जेवेनासं झालं, उगाच पडू लागलं, तर आधी डॉक्टरकडे न्या. शरीरात दोष सापडला नाही म्हणून ते सोंग ठरत नाही आणि भूतही ठरत नाही. त्याला विचारा, "तुला कशाची भीती वाटते?" आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत उठू नका. मार्थाबाईंनी हे वर्षभर आधी विचारलं असतं, तर सालोमीच्या पाठीवर ते वळ कधीच उठले नसते.