ईश्वरच्या वाट्याचं रक्त

काशीमीऱ्याच्या गॅरेजात ट्रकचं चाक एकट्याने उतरवणारा ईश्वर सुईला घाबरतो, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा मेहुणा यतीन. बायकोला, संपदाला, त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता.

म्हणून मुंबईच्या इस्पितळाने आई-बाप आणि मुलीचं रक्त मागवलं, तेव्हा मायलेकी सोमवारी देऊन आल्या. ईश्वरने गॅरेजचं निमित्त सांगितलं आणि मंगळवारी गुपचूप यतीनला धाडलं. रेशनच्या रांगेत त्याच्या नावाने यतीन, गॅसच्या नंबराला यतीन, मग इथेही यतीनच.

तपासणी आठ वर्षांच्या संचितासाठी होती. पोर चलाख, पण जन्मापासून बहिरी. तिच्या आजीने, सरूबाईंनी, निदान तेव्हाच करून टाकलं होतं: पोटुशी असताना सुनेने गटारीच्या दिवशी, ऐन ग्रहणात, सुरमई कापली. दरवर्षी गटारीला ताटात मासळीच्या आधी ही कथा वाढली जाई. शेवटी संपदा हट्टाला पेटली. दोष कुणाचा ते कळल्याशिवाय दुसरं मूल नाही, म्हणाली.

रिपोर्ट आला. घरची सगळी मंडळी डॉक्टर शुभदाबाईंपुढे जाऊन बसली.

"ऐकू येण्याच्या जनुकातलं अक्षर न् अक्षर आम्ही वाचलं," त्या म्हणाल्या. "संचितात दोन वेगवेगळ्या चुका आहेत. एक आईकडून आलीय. दुसरी बाबांकडून यायला हवी, पण बाबांच्या रक्तात ती नाही. उलट आईचीच चूक त्यांच्यात सापडली."

"मशीन बिघडलं असेल," ईश्वर पुटपुटला.

"जनुकाची साखळी दोन्ही बाजूंनी वाचलीय. तेही दोनदा."

सरूबाई खुलल्या. "म्हणजे आमच्याकडून काही आलं नाही! मग कुठून आलं, विचारा की हिला."

संपदा पांढरीफटक पडली. ती सासूकडे नाही, ईश्वरकडे बघत होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते रक्त माझं नाही," तो म्हणाला. "यतीनचं आहे. हिच्या भावाचं. मला... सुईची भीती वाटते."

"वाटलंच. बहिणीची चूक भावातही असू शकते," शुभदाबाई म्हणाल्या. "आमचं मशीन फॉर्मवरचं नाव नाही हो वाचत."

संचिताने बापाचा हात धरला, नर्सने सुई टोचली आणि गडी आडवा झाला. "माझंही घ्या," सरूबाईंनी दंड पुढे केला. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

तो सोक्षमोक्ष आषाढ संपता संपता लागला. दुसरी चूक ईश्वरमध्ये सापडली. आणि तीच सरूबाईंमध्ये. यात कुणाचाच दोष नाही, एकच चूक असणाऱ्याला नीट ऐकू येतं, पुढच्या मुलाला धोका चारात एक, असं डॉक्टरांनी तीनदा समजावलं.

त्या वर्षी नेमकं गटारीलाच पुन्हा ग्रहण आलं. सवयीने संपदाने विळी माळ्यावर टाकली होती. पाचाच्या सुमाराला सरूबाईंनी ती काढायला लावली आणि बर्फातली सुरमई घेऊन बसल्या.

"आई, ग्रहण लागलंय," ईश्वर म्हणाला.

"दिसतंय मला." त्यांनी मुंडकं वेगळं केलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "आठ वर्षं उगाच बोलले गं तुला, संपदा."

संपदाचे डोळे भरून आले. ती पदर खोचून सासूशेजारी बसली.

"सरका," ती म्हणाली. "अर्धी मी कापते."