नऊ नंबरच्या खाटेजवळचा फोटो

"पुस्तक वाचून माणसाकडे जा, पण त्याच्या दारात पोचलीस की पुस्तक पिशवीत ठेव आणि त्यालाच विचार," मानववंशशास्त्राच्या बाई शेवटच्या तासाला म्हणाल्या होत्या. तिने ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं.

आता ती इस्पितळात समाजसेविका होती. परदेशी रुग्ण आला की वॉर्डातून हाक यायची, "ताईंना बोलवा, त्यांना साऱ्या जगाचं ठाऊक असतं." तिची सख्खी मावशी चिडवायची, "जगभरच्या नात्यांचा अभ्यास केलास, आणि मला महिन्यातून एक फोन नाही!" तिला आतून बरंच वाटायचं.

म्हणूनच नऊ नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या परदेशी शिंप्याची बायको घरी अचानक वारली, तेव्हा तिने त्याला काही विचारलं नाही. त्याच्या लोकांत गेलेल्याचा विषय काढत नाहीत, चाळीस दिवस फोटोही झाकून ठेवतात, हे तिला पाठ होतं. तिने त्याच्या उशाजवळचा फोटो उचलून आपल्या ऑफिसातल्या खणात ठेवला आणि सिस्टरना बजावलं, "बायकोबद्दल चकार शब्द काढायचा नाही हं."

वॉर्डाने ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. शिंपी जेवेनासा झाला, भिंतीकडे तोंड करून पडू लागला.

"शोक पाळताहेत," ती सगळ्यांना समजावून सांगायची.

अठराव्या दिवशी संध्याकाळी ती उशी सारखी करत असताना त्याने तिचं मनगट धरलं.

"ताई, ती एवढी वाईट होती?"

"कोण, काका?"

"माझी बायको. रोज डबा आणायची. सिस्टरांची बटणं लावून द्यायची. गेली, तर कुणी एक शब्द नाही. फोटोसुद्धा नेला."

उशी तिच्या हातात तशीच राहिली. "पण तुमच्याकडे चाळीस दिवस..."

"ते डोंगरातले, ताई. आम्ही बंदरावरचे. आम्ही चाळीस दिवस नुसतं बोलतो. रडतो, हसतो, तिची भांडणंसुद्धा सांगतो." त्याने डोळे मिटले. "मला कुणी विचारलंच नाही."

"चुकलं माझं, काका." ऑफिसला कुलूप लागलं होतं, किल्ली शिपायाबरोबर घरी गेली होती. "उद्या सकाळी फोटो आणते. तुमच्यापाशी बसते. सगळं ऐकते."

"सगळं?"

"भांडणंसुद्धा."

तो कितीतरी दिवसांनी हसला.

सकाळी खाटेवरची चादर काढलेली होती. सिस्टर हळूच म्हणाली, "पहाटे गेले हो. मागे कुणी नाही. खाली शवागारात ठेवलंय, दहाला गाडी येईल."

ती ऑफिसात गेली, खण उघडून फोटो घेऊन आली. उन्हामुळे डोळे बारीक केलेली, गळ्यात मापाची फीत अडकवलेली बाई.

"सिस्टर, काकांची बायको बटणं कशी लावायची?"

सिस्टर गोंधळली, मग सांगू लागली. "घट्ट. मेल्यावरसुद्धा तुटणार नाही म्हणायची. आणि दोरा दातांनी तोडायची, मी रागवायचे तिला. ती मलाच दटावायची."

तिने शेवटपर्यंत ऐकलं. वही काढली नाही.

गाडी यायला पाऊण तास होता. तिने वॉर्डातलं स्टूल उचललं, फोटो छातीशी धरला आणि सावकाश जिना उतरू लागली.