सुताखालचं जातं

"सूत ताण रं, झोळ पडलाय," गुंडा म्हणाला.

गुंडा माझा थोरला भाऊ. सुताचं एक टोक त्यानं पुढच्या दाराशी धरलं होतं, दुसरं मी परसदाराशी. मध्ये जोतिबा गवंडी उकिडवा बसून सुताखाली राखेची रेघ ओढत होता. रहिमतपूरजवळच्या आमच्या तीन खणांच्या घरात त्या दिवशी भिंत घालायची होती. दोघी जावांचं एका चुलीवर पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हा भावांचंही. भिंतीची माती तुडवून तयार होती.

रेघ पुरी झाली. चूल, जातं, आईचं अंथरूण, सगळं गुंडाच्या बाजूला गेलं. माझ्याकडं रिकामी जमीन आणि एक खुंटी.

"दादा, आदी वाटणी करू. मग भित," मी म्हणालो.

"वाटाय बसलं की डोकी फुटत्यात. भित हुभी ऱ्हाऊ दे, मग बघू."

"मग कोन बघतंय? आदीच."

"ह्ये कुनी शिकवलं? सांगलीच्या मास्तरानं?"

"कांद्यानं."

जोतिबा इतका हसला की हातातली राख सांडली.

पण मी थट्टा करत नव्हतो. हे सन चव्वेचाळीसचं. सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या खोलीत मी गडी होतो. तेव्हा मला सहीसुद्धा येत नव्हती. बाटलीच्या तोंडावर कांदा बसवायचा, पाण्यात मुळ्या सुटल्या की त्यांची टोकं कापायची, लाल रंगात ऊन करायची आणि काचेवर चेपायची, हे माझं काम. तीन वर्षं मी मुळ्या कापल्या, पण सूक्ष्मदर्शकात डोळा घालून कधी पाहिलं नव्हतं. कुणी बघ म्हटलं नव्हतं.

भिंतीसाठी रजा मागायला गेलो तेव्हा तिथं शिकवणारे आठल्ये सर म्हणाले, "भिंतच घालायची ना, नाथाजी? मग ये, बघून जा."

मी वाकलो. विटांसारखी खोलीला खोली लागलेली. सर बाजूला उभं राहून सांगत होते, "एकेक खोली म्हणजे एकेक पेशी. आत लाल धागे दिसतात? काही ठिकाणी ते मधोमध ओळीत उभे आहेत. काही ठिकाणी दोन्ही टोकांना निम्मे निम्मे गेलेत. आता जिथं टोकांना गेलेत, तिथं मध्ये बघ."

मध्ये एक फिकट रेघ होती. दोन्ही बाजूंच्या भिंतींपर्यंत ती पोचली नव्हती. अधांतरीच.

"ही नवी भिंत. मधोमध सुरू होते आणि बाहेर वाढत जाऊन जुन्या भिंतीला मिळते. आपल्या अंगातली पेशी मऊ, ती चंचीची दोरी ओढावी तशी कमरेत आवळत जाते आणि तुटून दोन होतात. कांद्याची पेशी ताठ. तिला आवळता येत नाही, म्हणून आतून भिंत घालावी लागते."

"आन् भित आदी घातली तर?"

सर म्हणाले, "तर सगळे धागे एकीकडे आणि दुसरीकडे नुसतं पाणी. ती दुसरी खोली जगायची नाही." मग म्हणाले, "आणखी एक. या भिंतीत बारीक वाटा राहतात. इकडचं तिकडं जात राहतं. पक्की बंद भिंत कांदासुद्धा घालत नाही."

हे सगळं मी गुंडाला मला जमेल तसं सांगितलं. त्यानं सूत सोडलं नाही, पण ऐकून घेतलं.

"बरं. कर वाटणी."

भांडी झाली. घोंगडी झाली. जोंधळा मापानं झाला. नवी चूल माझ्याकडं घालायची ठरली. डोकी फुटली नाहीत. मग आलं जातं.

"ह्येचं काय करतोस? एक तळी तुला, एक मला?" गुंडा म्हणाला. "आन् आयचं?"

सरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी विसरलो होतो. वाटणीच्या आधी पेशी प्रत्येक धाग्याचे दोन करून ठेवते. आमच्या घरात जातं एकच होतं आणि आई एकच.

आमची आई, राहीबाई, इतका वेळ उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होती. ती उठली, जात्यापाशी आली आणि गवंड्याला म्हणाली, "जोतिबा, ह्ये सरकीव. सुताखाली घे."

"आगं म्हातारे, भितीत जातं?"

"भितीत कशाला? त्येच्यावर भोक ठेव, खुट्टा फिरंल येवढं. दोगी दोनीकडं बसून दळत्याल. खुट्ट्याला दोन हात असलं की दगूड हलका हुतो."

"आन् तू कुनाकडं?" गुंडानं विचारलं.

"मी दळान सांडतंय का बघीन."

जोतिबानं जातं मधोमध रोवलं, वर बाभळीचं लाकूड टाकलं आणि जात्याच्या दोन्ही अंगांनी भिंत वाढवत बाहेर नेली. दिवस मावळायच्या आत ती जुन्या भिंतींना मिळाली.

दुसऱ्या पहाटे चंद्रावहिनी तिकडून बसल्या, माझी हरणा इकडून. दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. पण खुंटा एक, आणि त्याच्यावर मुठी दोन. तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "जरा बारीक दळायचं का गं?"

आई पुढं सात वर्षं जगली. थंडीत ती गुंडाकडं निजायची, उन्हाळ्यात माझ्याकडं. शेवटच्या दुखण्यात तिनं अंथरूण जात्यापाशी घालून घेतलं. ती बाजू माझी, की गुंडाची, ते कुणी पाहिलं नाही.

आता गावात गिरणी आहे. गुंडा नाही, दोघी बायाही नाहीत. त्याच्या मुलांनी पलीकडचं दार बंद करून पुण्याला घर केलं. भोक बुजवू का, असं पोरांनी मला पत्रातून विचारलं होतं. पन्नाशीत शिकलेल्या अक्षरांनी मीच उत्तर लिहिलं: राहू द्या.

पहाटे जाग आली की मी जात्यापाशी बसतो. पलीकडं अंधार असतो. खुंट्याच्या खालच्या अंगाला मूठ धरतो, वरची जागा मोकळी ठेवतो, आणि एक फेरा ओढतो. दगड लय जड लागतो.