खालच्या आळीची फिरती पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे आणि दुकानावरचीही नव्हे. एका जागी टांगून राहणं हे माझं काम नव्हतं, माझं काम फिरण्याचं होतं. फिरणारी पाटी तुम्ही बहुधा पाहिलेली नसेल, म्हणून आधी ओळख करून देते.

आजच्या रोमानियात, ट्रान्सिल्व्हेनियातल्या एर्लेनडोर्फ गावात, वीज पडून मेलेल्या एका नासपतीच्या झाडापासून झिमोन सुताराने मला घडवलं. आकार ढालीचा, वर धरायला मूठ, मधोमध कोरलेलं साल १७८४, आणि त्याखाली एक फूल. फूल काही झिमोनला जमलं नाही. दोनशे वर्षं लोक त्याला कोबी समजत आले आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाही. फुलाखाली पितळी चिमटा आहे. खरं महत्त्व त्या चिमट्याचं.

आमचे लोक सॅक्सन, पिढ्यानपिढ्या जर्मन बोलणारे. त्यांच्यात प्रत्येक आळीचा एक ‘शेजार’ असे. शेजार म्हणजे नुसती भिंतीला भिंत नव्हे, तर नेमनियम असलेला कारभार. विहीर उपसणं, छपराच्या कामाला हात लावणं, मयतासाठी खड्डा खणणं, सगळं शेजाराने करायचं. शेजाराचा प्रमुख तो शेजारबाबा. तो निरोप कागदावर लिहून माझ्या चिमट्यात अडकवी आणि मला पहिल्या घरी देई. त्यांनी वाचायचा आणि लगेच पुढच्या दारी पोचवायचा. खालच्या आळीत बेचाळीस घरं होती, पण पाऊण तासात मी परत येत असे. मला रात्रभर घरात ठेवून घेणाऱ्याला दोन बाटल्या वाइनचा दंड होता. गंमत म्हणजे दंड होण्याइतका आळशी माणूस आळीत फार क्वचित निपजला.

मयताच्या निरोपाची रीत आणखी कडक होती. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने कुदळीला हात लावायचा नाही. खड्डा शेजारातल्या चौघांनीच खणायचा. त्या घरचा माणूस मला पहिल्या दारी नेऊन देई, पण तोंडातून अक्षर काढत नसे. गेलेल्याचं नाव त्याने दारात घ्यायचं नाही, ते कागद सांगेल. आणि मी सगळी आळी फिरून परत आले की मगच चर्चची घंटा वाजायची. मी परतले नाही तर घंटा नाही.

मी पुष्कळ निरोप वाहिले. लग्नांचे, धुराडी साफ करण्याचे, मोकाट डुकरांचे. महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्याने आळीतली धडधाकट माणसं कोळशाच्या खाणींवर सक्तीने नेली, त्या आठवड्यात माझ्यावर धुराड्यांचाच निरोप होता. तो तसाच फिरला. बायकांनी वाचला आणि पुढे दिला. पुढे एका उन्हाळ्यात सरहद्दी उघडल्या आणि आळी जर्मनीला निघून गेली. बेचाळिसाची अकरा घरं झाली, अकराची दोन. दोन घरांत फिरणं म्हणजे नुसत्या येरझाऱ्या. शेवटी उरले तोमेस डेपनर आणि त्याची बायको रेगिने. तोमेस आपसूक शेजारबाबा झाला, कारण दुसरा उमेदवार नव्हता. तो वसंतात ‘विहीर उपसायची आहे’ असं लिहून मला पुढच्या दाराने बाहेर नेई, घराला वळसा घालून मागच्या दारावर टकटक करी आणि रेगिने मला आत घेई.

“कोण आलंय?” ती विचारी.

“शेजार.”

“मग शेजाराला सांगा, पाय पुसून आत या.”

रिकाम्या घरांत हळूहळू रोमानियन कुटुंबं आली. त्यांतली लेनुत्सा तर तोमेसच्या पलीकडे दोन घरांवर राहायला आली. पण शेजार सॅक्सनांचा. तीस वर्षं मी दोन घरांवर फिरले, तिच्या दारी एकदाही नाही. तोमेस वाईट माणूस नव्हता. नियम होता, आणि तो पाळायला त्याच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

मग आला डेपनर कुटुंब संघ. जर्मनीत, ऑस्ट्रियात, पार कॅनडात पांगलेले तीनशे डेपनर. त्यांनी तोमेसच्या शेजारचं जुनं डेपनर घर घेतलं आणि दर ऑगस्टमध्ये आठवडाभर तिथे राहून पूर्वजांची दफनभूमी साफ करू लागले. संघाचा अध्यक्ष फोल्कमार हा निवृत्त भूमापक, आणि दातांची निवृत्त डॉक्टर असलेली त्याची बहीण उटे त्याच्या जोडीला. खोटं कशाला सांगू, त्यांनी काम चोख केलं. पडलेले दगड उभे केले, शेवाळ खरवडलं, प्रत्येक कबरीला क्रमांक दिला. एकूण दोनशे चौदा. दफनभूमीची संरक्षित वारसा म्हणून सरकारी नोंदही करून घेतली. त्या अर्जात एक कलम होतं, यापुढे तिथली जमीन उघडली जाणार नाही. शेजारबाबा म्हणून तोमेसची सही लागत होती. वर मोठ्या अक्षरांत ‘डेपनर’ छापलेलं पाहून तोमेसने ती आनंदाने केली. कलम वाचायला चष्मा घरी राहिला होता.

संघाने वारसादालनही उघडलं आणि फोल्कमारने माझ्यावर बावीस पानी पुस्तिका लिहिली. दर वर्षी तो तोमेसला म्हणे, “पाटी आता दालनात दे, बाबा. इथे किडे खातील तिला.”

“अजून काम आहे तिला,” तोमेस म्हणे.

गेल्या ऑगस्टात संघ सकाळी बसमधून उतरला, त्याच दिवशी पहाटे रेगिने गेली.

तोमेस टेबलाशी बसला. त्याने तीन ओळी लिहिल्या, कागद माझ्या चिमट्यात लावला, कोट घातला. उन्हाळा होता, तरी कोट. अकरा वाजता तो डेपनर घराच्या दारात उभा राहिला. फोल्कमारने दार उघडलं. तोमेसने मला पुढे केलं, मान लववली आणि न बोलता निघून गेला. रीतच होती तशी.

फोल्कमारच्या डोळ्यांत पाणी आलं. “उटे! धावत ये! दिली शेवटी! पाहिलंस, किती भारावून गेला बिचारा. तोंडातून शब्द फुटेना.”

मग त्याने पांढरे हातमोजे चढवले आणि माझे सोळा फोटो काढले. फूल पाहून म्हणाला, “हा कोबी फार दुर्मीळ.” चिमट्यातला कागद त्याने अलगद सोडवला, त्याच्याकडे न बघता पाकिटात घातला आणि पाकिटावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘नंतरची भर, मूळ वस्तूचा भाग नाही’. दुपारी मला दालनाच्या भिंतीवर, दोन दिव्यांच्या मधे चढवलं. उजेड चांगला होता. त्या दिवशी मी कुठेही गेले नाही, आणि घंटा वाजली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संघाचे लोक दालनात कॉफी आणि लोणी-पाव घेत बसले होते. तेवढ्यात दार आपटलं आणि लेनुत्सा आत आली.

“अहो इंजिनियरसाहेब, ती फळी कुठाय?”

“कुठली फळी?”

“फिरायची. काल अकराला तुमच्या दारात आली. कपडे वाळत घालताना मी डोळ्यांनी पाहिली.”

“फळी नाही हो, पाटी! सतराशे चौऱ्याऐंशीची. तोमेसने स्वतः दिली संग्रहाला.”

“दिली नाही. पोचवली.” लेनुत्साने मला भिंतीवर पाहिलं. “आणि तिच्यावरचा कागद?”

“तो मूळचा नव्हता. वेगळा ठेवलाय, नीट.”

“वाचलात?”

फोल्कमारने पावाचा तुकडा खाली ठेवला. उटे उठली, तिने पाकिटावरचं मोठ्याने वाचलं, मग पाकीट उघडून आतला कागद वाचला, “रेगिने डेपनर आज पहाटे गेली. उद्या आठ वाजता चौघांनी यावं. कुदळ, फावडं आणावं.”

कॉफी निवत राहिली.

“काल दिवसभर घंटेच्या दोरीखाली बसून होता,” लेनुत्सा म्हणाली. “म्हटलं, काका, मी जाऊन विचारून येते. तर म्हणे पाटीच्या मागे जायचं नसतं. आज आठपासून दफनभूमीच्या फाटकाशी उभा आहे, तोच कोट घालून. रेगिनेकाकूला मी न्हाऊ घातलंय, माझा पोरगा त्राइयान दुकानातून दोनदा बर्फ घेऊन आला. दिवस ऑगस्टचे आहेत, साहेब. अजून किती वाट बघायची?”

“मला खरंच वाईट वाटतं,” फोल्कमार म्हणाला, आणि त्याला वाटत होतंच. “पण एक अडचण आहे. तिथली जमीन आता उघडता येत नाही. नोंद झालीय. तोमेसची स्वतःची सही आहे अर्जावर.”

“असेल. डेपनर छापलेल्या कागदावर तो भला माणूस कशावरही सही करेल. पण तिचे आईबाप तिथे, पोर तिथे. मग तिला कुठे ठेवायचं? या पाकिटात? वर लिहिलंय ते तिला जुळतं तरी.”

एक म्हातारा डेपनर हसला आणि मग खाली बघू लागला.

उटे शांतपणे म्हणाली, “फोल्कमार, सहा वर्षं आपण लोकांना सांगतोय, इथे शेजार कसा चालायचा. काल तो आपल्या दारात आला, आणि तू त्याचे फोटो काढलेस.”

फोल्कमार उठला. मग त्याने मला भिंतीवरून उतरवलं, हातमोज्यांशिवाय. कागद परत चिमट्यात लावला. “पुढचं घर कोणतं?” त्याने विचारलं. आळीचा नकाशा त्यानेच काढलेला होता.

“पुढचं माझं,” लेनुत्सा म्हणाली. त्याने मला तिच्यापुढे धरलं, पण तिने हात पाठीमागे घेतले. “इथे नाही. माझ्या दारात आणा.”

ती झपाझप घरी गेली आणि तिने दार लावून घेतलं. दोन मिनिटांनी फोल्कमारने ते वाजवलं. जणू काही त्या सकाळी आम्ही तिला भेटलोच नव्हतो, अशा चेहऱ्याने तिने दार उघडलं, हात एप्रनला पुसले, मला दोन्ही हातांनी घेतलं आणि जर्मन वाचता अजिबात येत नसताना कागद सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत पाहिला. मग मला पुढच्या दारी नेलं. तिथून पुढे, आणि तिथून पुढे. आळीत माणसं असलेली नऊ घरं होती. त्यातल्या आठांचा उंबरा मी तीस वर्षांत पहिल्यांदाच ओलांडला.

दुपारी बाराला मी तोमेसच्या घरी परतले. त्याला फाटकाशी निरोप गेला होता. त्याने मला हातात घेतलं, मागे उभ्या फोल्कमारकडे पाहिलं आणि म्हणाला, “रात्रभर ठेवलीस.”

“हो.”

“दोन बाटल्या.”

“आणतो.”

मग घंटा वाजली.

खणायला चौघं पुरतात, आले अकरा जण. फोल्कमारने दोरी लावून खड्ड्याचे कोन आखले. इतका काटकोनी खड्डा एर्लेनडोर्फमध्ये कधी झाला नसेल. उटेच्या तळहातांना फोड आले. त्राइयानने कुणाला न विचारता कठीण भाग आपल्याकडे घेतला. तोमेस भिंतीच्या कठड्यावर बसून होता, हात मांडीवर उपडे. लेनुत्साने पाणी दिलं ते प्यायला. शवपेटी खाली उतरवताना दोर थोडा सुटला तेव्हा फक्त म्हणाला, “सावकाश.” माती पडत राहिली. झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

फोल्कमारने घडलं ते सरकारी कचेरीला प्रामाणिकपणे कळवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, नोंद रद्द. संघाच्या बैठकीत खूप बोलाचाली झाल्या म्हणतात, दोघा-तिघांनी राजीनामेही दिले. दफनभूमी आहे तिथेच आहे. गवत वाढतं, आणि आता ते ऑगस्टची वाट न बघता कापलं जातं.

मी दालनात नाही. नोव्हेंबरमध्ये एके दिवशी तोमेसने एक नवा कागद लिहिला, एका बाजूला जर्मनमध्ये, दुसऱ्या बाजूला रोमानियनमध्ये. स्वतःचं नाव घातलं. दिवसाची जागा कोरी सोडली. मग मला घेऊन तो लेनुत्साच्या दारी गेला आणि बोलला. तिच्याशी बोलायला त्याला नियमाची आडकाठी नव्हती, कारण अजून कुणी गेलं नव्हतं.

“माझ्या घरातून ही बाहेर काढायला कुणी असणार नाही,” तो म्हणाला. “तेव्हा सुरुवात तुझ्यापासून.”

लेनुत्साने कागद वाचला, रोमानियन बाजूने. “घाई काय आहे, काका?”

“घाई नाही. आत ठेव, बाहेर दमट आहे.”

तेव्हापासून मी तिच्या स्वयंपाकघरात, दाराजवळच्या खिळ्याला आहे. कागद चिमट्यात आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. धूळ पुसा, किडे लागू देऊ नका. त्यांच्यावर काय कोरलंय ते वाचाच, पण आज कुणी त्यांच्यावर काय लावून ठेवलंय तेही वाचा. आणि अशी एखादी पाटी कधी तुमच्या हातात आली, तर तिचं कौतुक नंतर करा. आधी पुढच्या दाराकडे चालू लागा. तिथे कोण राहतं हे ठाऊक नसेल, तर ते आजच विचारून घ्या.