आत्म्याची नुकसानभरपाई

सूर्य मावळला की मठामागच्या माळावर गर्दी जमायची. महाराजांनी हात वर केला की झाडांमागून एक पिवळा उजेड चढायचा आणि डोक्यावर येऊन थांबायचा. ज्याची पाळी, त्याच्या मेलेल्या माणसाचा तो आत्मा. उत्तर 'हो' असेल तर उजेड एकदा झुकायचा, 'नाही' असेल तर जागचा हलायचा नाही. आत्म्याला बोलता येत नसे. मठाच्या सोयीचं मात्र सगळं कळत असे.

शिवणकाम करणाऱ्या बाई रोज यायच्या. नवरा गेल्यापासून घरात मशीनच्या खडखडाटाखेरीज आवाज नव्हता. मुलगी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात कामाला. "आई, जेवलीस ना?" एवढं विचारून ती फोन ठेवायची. उजेड निदान थांबून ऐकायचा. कालच बाईंनी विचारलं होतं, "घर मठाला देऊन टाकू का हो?" उजेड लगेच झुकला. नवऱ्याने उभ्या जन्मात इतक्या चटकन कशालाच होकार दिला नव्हता, तरी बाईंना शंका आली नाही. एकटं पडलेलं माणूस मिळेल त्या उत्तराला धरून बसतं.

आज गर्दीतून मुलगीच येताना दिसली. बरोबर फौजदार आणि जॅमर घेतलेला शिपाई.

"आई, तू इथे?" ती थबकली. मग डोक्यावरच्या उजेडाकडे बोट दाखवत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काल उतरत्या विमानासमोर हा ड्रोन आला. वैमानिकाने ऐनवेळी विमान वर घेतलं म्हणून माणसं वाचली. आम्ही तो पाडणार आहोत."

महाराज हसले. "पोरी, आत्म्याला कोण पाडणार?"

"मनात आलं म्हणून कुणाचाही ड्रोन पाडता येत नाही, ते खरं," फौजदार म्हणाले. "पण विमानाच्या वाटेत शिरून लोकांच्या जिवावर उठला, तर कायदा आम्हाला तो अधिकार देतो. आदेश घेऊनच आलोय."

बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला. "नको गं. तुझे वडील आहेत ते."

तेवढ्यात मठाचा व्यवस्थापक पुढे सरसावला. "हात तर लावून बघा. भरपाईचा दावा ठोकतो. दुसऱ्याच्या मालाची नासधूस चालवलीय."

बाई वळल्या. "कुणाचा माल, भाऊ?"

व्यवस्थापकाने महाराजांकडे पाहिलं, महाराजांनी आभाळाकडे.

"माझ्या नवऱ्याचा आत्मा असेल, तर भरपाई तुम्ही कशी मागता?"

बाईंनी मुलीचा हात सोडला. "पाड," त्या म्हणाल्या.

जॅमर सुरू झाला, ड्रोनचा सिग्नल तुटला. उजेड डगमगला, बाजूला भरकटला आणि पलीकडच्या रिकाम्या शेतात कोसळला. चार पंखे, दुधी प्लास्टिकच्या वाटीत एक दिवा. ड्रोन चालवायचा रिमोट व्यवस्थापकाच्या शालीखाली निघाला. रांगेत पाणी देणारी गोडबोली ताई सगळ्यांची दुःखं आधीच काढून घेऊन त्याला सांगायची. झाला चमत्कार.

लोक शिव्या देत पांगले. बाई तशाच उभ्या होत्या.

"म्हणजे रोज मी त्या व्यवस्थापकाशी बोलत होते?"

"हो, आई."

"तो तरी ऐकत होता गं."

मुलगी तिथेच बांधावर बसली आणि आईला जवळ ओढून रडू लागली.

आभाळात काहीही दिसलं तरी हात जोडण्याआधी विचारा: हे कुणाचं, आणि यात फायदा कुणाचा? आणि तुमच्या घरी कुणी एकटं बसलेलं असेल, तर आजच जाऊन त्याचं ऐका. नाहीतर ऐकणारे महाराज भेटतातच.