दिवा धरणारा

कोल्हारच्या अलीकडे आमचं गाव. त्र्याहत्तरच्या जानेवारीत तिथे सिनेमाची गाडी आली. अमेरिकेतल्या टीव्हीवर गाजलेलं नाटक फिल्मवर उतरवून गावोगाव दाखवत होते. दोनशे वर्षांपूर्वीचा तिकडचा एक मोठा पुढारी, त्याचं सगळं आयुष्य. बोलणं इंग्रजी, म्हणून मराठीत सांगायला माणूस हवा होता, आणि गावात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच. मी, म्हणजे शाळेतला गोरक्ष मास्तर, महारवाड्यातल्या दगडाबाईचा मुलगा.

सरपंच काकासाहेब स्वतः शाळेत आले. मी एकच अट घातली. माझी आई पुढे बसेल, माइकवर बोलताना मी तिला दिसलो पाहिजे.

"आवो, बसू द्या की. त्यात काय," ते म्हणाले.

आई ठेवणीतलं लुगडं नेसून निघाली. चावडीपुढे दोन लिंबांच्या मध्ये पडदा बांधलेला. मी माइक हातात घेऊन बघतो तर पुढे सगळं गाव, आणि आई आमच्या वस्तीबरोबर पडद्याच्या मागे. चित्र मागूनही दिसतं, फक्त उलटं. दरवेळी आम्ही तिकडेच बसायचो.

"आपलं काय ठरलं होतं?" मी विचारलं.

"तिकडनंबी दिसतंय की," काकासाहेब म्हणाले. "आता कुठं उठबस करता? मशीन चालू झालं बगा."

तेव्हाच माइक खाली ठेवायला हवा होता. नाही ठेवला. चारचौघांत तमाशा नको, असं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

नाटक सुरू झालं. पुढारी राजाविरुद्ध बोलला, लोक त्याच्या मागे गेले. मी सांगत होतो, गाव माना डोलवत होतं. मग तो टेबलाशी जाहीरनामा लिहायला बसला. त्याच्या खांद्यामागे एक काळा गडी दिवा धरून उभा. लिहिता लिहिता पुढाऱ्याने मोठ्याने वाचलं, सर्व माणसं जन्मतः सारखी आहेत. मी ते मराठीत सांगितलं. पहिली टाळी काकासाहेबांनी वाजवली.

टाळ्या थांबल्या तशी पडद्यामागून आई बोलली. "गोरख्या, दिवा धरनारा त्यो कोन? लई येळ उभा हाय बापडा. त्येचं नाव काय?"

पुढे हशा पिकला. मी चित्राकडे पाहत राहिलो. नाव कोणी घेतलंच नाही. लिहून झालं आणि गडी दिवा घेऊन निघून गेला.

माझं डोकं फिरलं. याच चावडीच्या उंबऱ्याबाहेर माझा बाप वीस वर्षं कंदील धरून उभा राहिला. आत बसलेले त्याच्या उजेडात लिहायचे. त्या कागदांवर त्याचं नाव कधी आलं नाही.

"त्याचं नाव यांनी सांगितलेलं नाही," मी माइकवर म्हणालो. "आपल्या गावात त्याचं नाव सूर्यभान होतं. माझा बाप. दिवा त्याने धरला, लिहिलंत तुम्ही. त्याची बायको आत्ता पडद्यामागे बसली आहे."

हसू थांबलं. मी माइक बंद केला आणि मागे जाऊन आईशेजारी बसलो. इकडून पुढारी डाव्या हाताने सह्या करत होता. पुढे नुसतं इंग्रजी वाजत राहिलं. मी मराठीत सांगू लागलो, मागच्यांपुरतं.

काकासाहेब बॅटरी घेऊन आले. "मास्तर, म्होरं चला. लोकं खोळंबलीत. कायबी कळंना त्येंला."

"ज्यांना कळून घ्यायचंय त्यांनी इकडे यावं."

"बदलीला किती येळ लागतो, ठावं हाय न्हवं?"

"ठाऊक आहे," म्हणालो आणि पुढचं सांगू लागलो.

ते गेले नाहीत. पुढाऱ्याचं शेवटी काय होतं, हे त्यांनाही कळायला हवं होतं. मग लालमहंमद शिंपी आला, त्यामागून काकासाहेबांच्या भावकीतले चौघे. सगळे उभ्याउभ्या ऐकू लागले. काकासाहेबांच्या हातातली बॅटरी तशीच पेटलेली होती.

आईने वळून पाहिलं. "सरका गं बायांनो, जागा द्या. उभं तरी किती ऱ्हातील?"

मी तिचा हात धरला.

"राहू दे, आई," मी म्हणालो. "आज त्यांना उभं राहू दे."