दोनशे सदतीस उत्तरं

‘आमचा मिस्त्री सांगतोय ते खरं, का आम्हाला गंडवतोय?’

एवढं लिहून संस्कृतीनं मोबाइल मांडीवर पालथा टाकला आणि दोन्ही हात वर करून जाहीर केलं, “गेलं! टाकलं मी!”

निमगाव केतकीच्या स्टँडवर शाळेच्या पोरांची गर्दी होती. तिची मैत्रीण छकुली हिनं टाळ्या पिटल्या. हीनानं मात्र हात पुढं केला.

“काय लिवलंस, दाव की.”

“तू सांगितलंस तेच. बस आली बघ, पळ.”

पैज हीनाचीच होती. आदल्या दिवशी संस्कृतीच्या आप्पांची जुनी जीप हीनाच्या अब्बांच्या गॅरेजसमोर उभी होती. गाडी तापत होती. सिकंदरचाचांनी बॉनेट उघडून बराच वेळ नुसतं पाहिलं होतं आणि मग सांगितलं होतं, “थर्मोस्टॅट अडकलाय, इंजिनातलं पाणी फिरवणारी झडप. नवा टाकू. आन् विजयसिंहराव, रेडिएटरमधी बोअरचं पाणी ओतू नका. कुलंट वापरा.” परत येताना आप्पा कुरकुरले होते, “ह्यो उगंच सामान बदलाय लावतोय.” संस्कृतीनं ते दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं मैत्रिणींना सांगितलं, आणि हीना तडकली.

“माझे अब्बा उगंच काय सांगत न्हाईत. तुझा त्यो जुन्या गाड्यांचा ग्रुप हाय न्हवं? वीस हजार माणसं हायेत म्हणतीस. विचार की तितं. हिंमत हाय?”

कसं लिहायचं तेही तिनं सांगितलं होतं: मिस्त्री असं म्हणतात, बरोबर आहे का? पण इतक्या मिळमिळीत प्रश्नाला कोण उत्तर देतं? ग्रुपवर चार महिने नुसतं वाचत बसलेल्या संस्कृतीला एवढं कळलं होतं. तिनं शब्द बदलले, जरा फोडणी दिली. सोबत कालचाच फोटो जोडला. जीप छान आली होती. जीपच्या मागं ‘सिकंदर ऑटो’ ही पाटीही छान आली होती.

घरी पोचेपर्यंत साठ उत्तरं होती, जेवणं होईपर्यंत दीडशे. मिस्त्री लुटतोय. थर्मोस्टॅट थंड देशांतल्या गाड्यांना लागतो, आपल्याकडं काढून फेकायचा असतो. मॅडम, माझ्या गाडीत दहा वर्षं नाही, काही झालं नाही. कुलंट म्हणजे रंगीत पाणी, पाणी म्हणजे पाणी.

मॅडम! नववीतल्या संस्कृतीला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. चाळीस-पन्नाशीचे बाप्ये, कुणी नाशिकचा, कुणी कोल्हापूरचा, तिच्यासाठी आकृत्या काढून पाठवत होते. तिनं आलेल्या एकूण एक उत्तराला हसरा चेहरा दिला, पाहुण्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवावा तसा. सगळं वाचून दिला असं नाही. पाहुणे फार होते.

आप्पांनीही चष्मा लावून पन्नासेक उत्तरं वाचली. “बघ कौसल्या,” ते स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, “एवढं जग एका बाजूला आन् सिकंदर एका बाजूला.”

“जगानं गाडी बघितलीय का?” आईनं आतून विचारलं. तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

रविवारी बापलेकीनं मिळून दोन बोल्ट काढले, वाटीएवढा थर्मोस्टॅट बाहेर घेतला, वरचं झाकण परत बसवलं आणि बोअरच्या पाण्यानं रेडिएटर तोंडोतोंड भरला. जीप इंदापूरला जाऊन आली. तापमानाच्या काट्यानं निम्म्याच्या वर मान काढली नाही. संस्कृतीनं त्या काट्याचा व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, ‘मिस्त्री फेल, मुलगी पास!’ नऊशे लोकांना तो आवडला.

आप्पांनी चहाच्या हॉटेलात चारचौघांत मोबाइल फिरवला. आमची पोरगी. सिकंदर आमाला शेंडी लावत हुता, हिनं धरला. ऐकणारे हसले. त्यातले दोघंतिघं पुढं गाडी दुरुस्तीला इंदापूरलाच नेऊ लागले.

हीना शाळेत दुसऱ्या बाकावर बसायला लागली. “अगं, गंमत हुती,” संस्कृती एकदा म्हणाली. हीनानं “व्हय” म्हटलं आणि वहीला कव्हर घालत राहिली. संस्कृतीलाही फार वेळ नव्हता. ग्रुपवर आता लोक तिलाच विचारायचे, आणि ती ठोकून उत्तरं द्यायची. काढून फेका. काही होत नाही. स्वानुभव.

थंडीत जीप सकाळी धूर ओकायची, डिझेलही जास्त प्यायची. ते तिनं ग्रुपवर लिहिलं नाही.

मार्चात पळसदेवला मावसबहिणीचा साखरपुडा होता. तिघं जीपनं निघाले. ऊन चढलं होतं. इंदापूर अजून यायचं होतं तेवढ्यात काटा सरकला, सरकला आणि लाल रेषेला जाऊन टेकला. बॉनेटमधून वाफ फुस्कन वर आली. आप्पांनी गाडी उसाच्या कडेला घेतली. इंजिन आपसूक बंद पडलं.

“थांबा, विचारते मी,” म्हणत संस्कृतीनं फोटो टाकला. उत्तरं भराभर आली. वॉटर पंप गेला. हेड गेलं. पंप नाही, फॅनचा पट्टा. लगेच गार पाणी ओता. गार पाणी अजिबात ओतू नका. आणि एक, हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावून, ‘मॅडम, एक्सपर्ट तर तुम्हीच ना?’

आप्पांनी पाण्याचा कॅन उचलला होता. ते तिच्याकडं बघत होते.

“ओतू का नको? सांग.”

तिनं परत मोबाइलकडं बघितलं. उसात वारा शिरला होता आणि इंजिन टक् टक् वाजत होतं. एक मोठा माणूस हातात कॅन धरून तिच्या तोंडाकडं बघत उभा होता.

आईनं तिच्या हातातून मोबाइल घेतला. साखरपुड्याचं नवं लुगडं सावरत ती सावलीला गेली आणि तिनं नंबर लावला. “हीना? अब्बांना दे बाळा.” मग आप्पांकडं न बघता, “कॅन खाली ठिवा. त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय.”

अर्ध्या तासानं मोटरसायकल आली. चाचांच्या मागं हीना बसली होती, मांडीवर अवजारांची पिशवी, दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधलेले. चाचांनी गाडी लावली, आप्पांना रामराम केला, बॉनेटवर तळहात लांबूनच धरून बघितला आणि बांधावर जाऊन बसले.

“काय झालंय?” आप्पांनी विचारलं.

“आधी निवू द्या. तापल्यावर माणसाशीबी बोलू न्हाय, इंजिन तर लांबच.”

इंजिन निवेपर्यंत सगळे थांबले. संस्कृती चपलेच्या टोकानं माती उकरत होती. हीना मोटरसायकलला टेकून उसाकडं बघत होती.

मग चाचा उठले. रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून त्यांनी ते हळूहळू सैल केलं, उरलेली वाफ जाऊ दिली, आणि उघडून बोट आत फिरवलं. बोट बाहेर आलं ते पांढरं. जुन्या तांब्याच्या बुडाला बसतो तसा क्षाराचा थर.

“बोअरचं?”

“व्हय,” आप्पा म्हणाले.

चाचांनी खालची नळी सोडली, गढूळ पाणी जाऊ दिलं, आणलेलं पाणी ओतून आतून दोनदा धुतलं. मग खिशातून खोकं काढलं. खोक्याचे कोपरे मऊ पडले होते.

“नवा थर्मोस्टॅट. दिवाळीनंतर आणून ठिवला हुता,” ते म्हणाले. “तुमच्याच गाडीला बसतोय. दुसऱ्या कुणाची असली गाडी न्हाय आपल्याकडं.”

आप्पांनी घसा खाकरला. “सिकंदरभाई, ते मोबाइलवरचं... पोरगी हाय ओ. तुमी काय मनावर घेऊ नका.”

“मनावर कशाला?” चाचांचे हात चालूच होते. “समदं ऐकलं मी. दोनशे सदतीस उत्तरं. मला बारीक अक्षर दिसत न्हाय, म्हणून हीनाला बसवलं. तीन रात्री वाचत हुती.”

“समदी?” आप्पांनी विचारलं.

“म्हणलं, एवढी माणसं सांगत्यात, एखादा तर आपल्याला चार शब्द शिकवून जाईल.” त्यांनी पाना हीनाकडं दिला, दुसरा मागितला. “एक मिळाला. सोलापूरकडचा कोण हाय. रबरी नळीची क्लिप कशी बसवायची, ते बरोबर सांगितलंय त्यानं. तवापसनं मी तशीच बसवतो. ही बघा.”

क्लिप खरंच तिरकी, नेटकी बसली होती. आप्पा ती वाकून बघत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.

संस्कृतीच्या कानात मात्र दुसरंच चालू झालं होतं. दोनशे सदतीस. त्यांतली तिला आता एकेक आठवायला लागली. ‘चोर आहे, हाकला.’ ‘असल्यांना पंक्चर काढायला बसवा.’ आणि ते एक, ‘पाटीवरचं नाव वाचलं, पुढं काय सांगायचं?’ हीनानं तेही वाचलं असणार. मोठ्यानं, बापासमोर बसून. वाचता वाचता थांबली असेल, आणि चाचा म्हणाले असतील, पुढं? आणि त्या प्रत्येकाखाली संस्कृतीचा हसरा चेहरा. तोही दिसला असणार. बारीक अक्षर दिसत नसलेल्या माणसालासुद्धा दिसावा एवढा पिवळाधमक.

ती मोटरसायकलपाशी गेली.

“मी काढून टाकते ती पोस्ट. आत्ताच.”

“नको,” हीना म्हणाली.

“समदंच काढते. व्हिडिओबी.”

“काढून काय हुतंय? हॉटेलातल्या लोकांच्या तोंडातनं निघतंय का?” हीनानं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. “मी सांगितलेलं वाक्य तू लिवलंच न्हाईस. एवढंच सांग, का न्हाय लिवलंस?”

संस्कृतीनं तोंड उघडलं. साधं वाक्य होतं, त्याला कुणी विचारलं नसतं, म्हणून. हे इतकं खरं होतं की तिला ते म्हणता येईना. हीनानं मान हलवली आणि पिशवीत अवजारं भरायला गेली.

साखरपुड्याला ते पोचले तेव्हा पंगती उठत आल्या होत्या.

घरी आल्यावर आप्पा ओसरीत बसले. आईनं लुगडं बदलून चहा दिला. संस्कृती कपडे न बदलताच दारात उभी राहिली. एरवी घरात शिरल्या शिरल्या तिच्या तोंडाचा रेडिओ सुरू व्हायचा. आज आईनंच विचारलं, “काय गं?”

“मी एक ठरवलंय.” तिनं दाराची चौकट धरली. “ती पोस्ट काढणार न्हाय मी. तिच्याखालीच लिवणार. माझं नाव घालून. की चाचा बरोबर हुते, आमी चुकलो. रेडिएटरमधल्या पांढऱ्या थराचा फोटो लावणार. आन् ज्यांना ज्यांना मी काढून फेका म्हणून सांगितलंय, त्यांना एकेकाला सांगणार, परत बसवा म्हणून.”

आप्पांनी कप खाली ठेवला. “लिव की. पण आमी कशाला त्यात? गावात लोक...”

“आप्पा, दुसरा बोल्ट तुमी काढलाय.”

आई चहाच्या भांड्याकडं बघत होती. तिच्या ओठांची कड हलली, परत जागेवर गेली.

“हॉटेलात मोबाइल फिरवला तसा हाबी फिरवा,” संस्कृती म्हणाली. “तुमी न्हाय फिरवला तर मी येईन.”

आप्पांनी अंगणातल्या जीपकडं बघितलं.

“आन् लोक परत काय बाय लिवतील तवा?” ते म्हणाले. “आता तुला हसतील. सिकंदरलाबी सोडणार न्हाईत.”

“लिवू द्या. किती का उत्तरं येईनात, रोज शाळा सुटली की मी गॅरेजवर जाणार हाय,” तिनं सांगितलं. “ह्या टायमाला चाचांना मी वाचून दावणार. हीना न्हाय.”